व्यासपीठाला छप्पर

फुकट मिळालेली कुठलीही वस्तू माणसाने बिनधास्त घरी आणावी, पण व्यासपीठ आणू नये. खुर्ची आणली तर तिच्यावर बसता येतं, घड्याळ आणलं तर ते बंद पडतं आणि विषय संपतो. व्यासपीठ तसं नाही. ते परसात उभं राहतं आणि तुमच्याकडे बघत राहतं.

आमच्या पेंट्रेगारू गावचं मेथडिस्ट पंथाचं चॅपेल, म्हणजे प्रार्थनाघर, विकलं गेलं. रविवारी जमणाऱ्या माणसांपेक्षा छतातून गळणारं पाणी धरायच्या बादल्या जास्त झाल्या, तेव्हा आम्ही पंचमंडळींनी जड मनाने सह्या केल्या. घेणारा बिल्डर भला माणूस. म्हणाला, "आतलं जे हवं ते शुक्रवारपर्यंत घेऊन जा." कुणी स्तोत्रांचे आकडे लावायची पाटी नेली, कुणी गाद्या नेल्या. माझा स्वभाव मुळात चौकस. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे कोणती वस्तू कुठून येते आणि कुठे जाते हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. मी नुसतं विचारलं, "व्यासपीठाचं काय?" सगळे माझ्याकडे वळले. आमच्या गावात जो विचारतो, ती वस्तू त्याची.

मेंढ्या न्यायच्या ट्रेलरमधून ते आलं. आमच्याकडची व्यासपीठं म्हणजे बोटीचा नाखवा उभा राहील अशी. दोन बाजूंनी जिने, पुढे खाली उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर जाणारा सागवानी कठडा. घराच्या दारातून ते शिरेना. मागच्या गल्लीतून आणून बटाट्याच्या वाफ्याशेजारी ठेवलं. बायको, मेन्ना, स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती.

"गेथिन," ती म्हणाली, "तू बिस्किटांचा डबा आणायला गेला होतास ना?"

दुसऱ्या दिवशी आमचे पाळक मिस्टर रीस ते बघायला आले. तेगविन रीस. चाळीस वर्षं याच व्यासपीठावरून त्यांनी प्रवचनं केली, आणि नुसती केली नाहीत, गायली. हा प्रकार आता दुर्मीळ झालाय. प्रवचन साधं बोलण्यातच सुरू होतं, मग शब्द लांबायला लागतात, वाक्याला चाल लागते, आणि एका क्षणी बोलणं संपून गाणं कधी सुरू झालं ते ऐकणाऱ्यालाही कळत नाही. आम्ही त्याला 'हूइल' म्हणतो. हूइल म्हणजे जहाजाचं शीड. शिडात वारा भरतो तसा पाळकाच्या गळ्यात भरतो, आणि मग बोट कुठल्या बंदराला लागेल ते बोटवाल्यालाही ठाऊक नसतं. लहानपणी मी आईच्या मांडीवर पेपरमिंट चघळत आधीच्या पाळकांचं ते ऐकलंय आणि देव म्हणजे उंच आवाजाचा कुणीतरी असावा असं ठरवून टाकलंय. अजूनही मत फारसं बदललेलं नाही.

म्हातारे रीस एका हाताने कठडा धरून वर चढले. खाली बघितलं. बटाटे बघितले. तेवढ्यात पाऊस आला. आम्ही त्यांना धरून आत आणलं आणि शेकोटीजवळ बसवलं.

"गेथिन बाख," ते म्हणाले. बाख म्हणजे पोरा. मी एकाहत्तरचा आहे. "सप्टेंबरअखेर मुलगी मला न्यूझीलंडला घेऊन जाणार. ती म्हणते तिथे ऊन आहे. असेल. पण जायच्या आधी एकदा, एकदाच, यात उभा राहून प्रवचन करायचं होतं."

"मग करा की, मिस्टर रीस!"

"पावसात?" मेन्नाने विचारलं. "डॉक्टरांनी यांना ओल्या टॉवेलपासूनसुद्धा लांब राहायला सांगितलंय."

मी दबकत सुचवलं, "पलीकडच्या बॅप्टिस्ट पंथाच्या चॅपेलमध्ये व्यासपीठ आहे. ते नाही म्हणणार नाहीत."

"नाहीच म्हणणार," रीस म्हणाले. "मोठी चांगली माणसं आहेत. पण त्यांच्यात उभा राहिलो की मी पाहुणा होतो. पाहुण्याला बेताने जेवावं लागतं."

संपलं. मी छप्पर घालायचं ठरवलं. चार खांब, वर पत्रा, बाजूला फळ्या. यात अवघड ते काय?

आमच्या गावात सल्ला मागावा लागत नाही. तो दुधाच्या बाटलीसारखा सकाळी दारात येऊन पडलेला असतो. खाटीक इडवाल, जो मेन्नाचा चुलतभाऊ असून गावच्या कौन्सिलचा अध्यक्षही आहे, तो सॉसेज बांधता बांधता म्हणाला, "परसात शेड घालायला परवानगी लागत नाही रे. ठरावीक उंचीच्या खाली असली की झालं."

मी घरी येऊन माप घेतलं. ठरावीक उंचीची शेड व्यासपीठाच्या कठड्यालाच टेकत होती. आत पाळक उभा केला तर त्याचं डोकं पत्र्याच्या वर, गच्चीवरच्या कबुतरासारखं.

म्हणून अर्ज. जिल्ह्याच्या कचेरीतून नियोजन अधिकारी आला. पोरसवदा, बुटांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेला. त्याने विचारलं, "इतकी उंची कशासाठी?"

"आत माणूस उभा राहणार."

"ठीक. माणसाच्या डोक्यापर्यंत झाली. त्याच्या वरची ही एवढी?"

"ते हात वर करतात."

"कशासाठी?"

आता याला काय सांगावं! "आतून येतं तेव्हा," मी म्हणालो.

"हात खाली ठेवून नाही येत?"

शेवटी मिस्टर रीसना बोलावलं आणि त्यांचं माप घेतलं. व्यासपीठात उभे केले, हात वर करायला लावला. मेन्नाने जिन्यावरून टेप धरली. अधिकाऱ्याने खालून वाचलं. कुंपणाच्या वरून शेजारच्या मिसेस प्रॉबर्ट बघत होत्या.

"पूर्ण वर करा, मिस्टर रीस," मी म्हणालो. "तुम्ही रविवारी जास्त वर करता."

"गेथिन, रविवारी माझ्या मागे टेप नसते," ते म्हणाले.

मग प्रश्न आला, उंची मोजायची कुठल्या जमिनीपासून? आमचं परस उतरतं आहे. वरच्या बाजूने मोजलं तर शेड बुटकी, खालून मोजलं तर मनोरा. मला राहवेना. मी त्या पोराला डोंगरउताराची रचना, हिमनदीने दरी कशी कोरली, गाळ कुठे साठला, हे सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खालूनच मोजलं.

व्यासपीठाच्या आत बारीक काळ्या गोळ्या सापडल्या, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. "वटवाघळं! ही लेंडी आहे. कायद्याने संरक्षित प्राणी. तज्ज्ञ येऊन बघेपर्यंत हलवायचं नाही, झाकायचं नाही." मी वर घातलेली ताडपत्री काढली. चांगले तीन आठवडे पाऊस त्या सागवानावर पडत राहिला आणि मी खिडकीतून बघत राहिलो. शेवटी एक विद्वान बाई भिंग घेऊन आल्या. बराच वेळ वास घेतला, दोन बोटांत चुरडलं, म्हणाल्या, "मनुका."

मिस्टर रीस लाजले. घसा कोरडा पडू नये म्हणून ते प्रवचनात मनुका तोंडात टाकत. चाळीस वर्षं. काही खाली पडल्या असणार.

दरम्यान रस्त्यातल्या दिव्याच्या खांबाला कौन्सिलची पिवळी सूचना बांधली गेली. कायद्याने ती बांधावीच लागते, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना हरकत घेता येते. तिच्यात लिहिलं होतं, "निवासी परसात धार्मिक वापरासाठी उंच बांधकाम." बस्स. पावाच्या दुकानात मेन्नाला एकीने बाजूला घेऊन हळूच विचारलं, "गेथिनने नवा धर्म काढला म्हणे? काय काय वर्ज्य आहे त्यात?" पोस्टमन मला एका गुडघ्यावर टेकून नमस्कार करू लागला. शाळेतले माझे जुने विद्यार्थी, आता पोट सुटलेले, पबच्या दारातून ओरडत, "सर, आम्हाला पण घ्या! फक्त मंगळवारी सुट्टी द्या!" जिल्ह्याच्या पत्रात तर माझं नावच नाहीसं झालं. मी आता 'अर्जदार' होतो. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मुलांनी मला पुष्कळ नावं ठेवली, पण इतकं रंगहीन एकही नव्हतं.

त्यातून परवाना-विभागाचा फोन. तिकडच्या बाई फार अगत्याने बोलल्या.

"गाणं होणार आहे असं अर्जावरून दिसतं. सार्वजनिक मनोरंजनाला परवाना लागतो."

"हे मनोरंजन नाही, बाई. प्रवचन आहे. गाऊन."

"लोकांना ऐकायला आवडतं का?"

"आवडतं म्हणजे... रडतात."

"आनंदाने?"

मी विचारात पडलो. प्रश्न खरोखर चांगला होता. "दोन्ही," मी म्हणालो.

"बघा ना, उपासना असेल तर परवाना नको. मनोरंजन असेल तर हवा. तुम्हीच सांगा काय लिहू."

"लिहा," मी ताठ होत म्हणालो, "की आमच्या चॅपेलमध्ये दोनशे वर्षांत कुणाचंही मनोरंजन झालेलं नाही."

तिकडे लेखणी चालल्याचा आवाज आला. पण फोन ठेवल्यावर प्रश्न माझ्याकडेच राहिला. आई मला मांडीवर घेऊन जे ऐकत होती, ते खरं काय होतं?

हरकत एकच आली. बेती प्रॉबर्ट यांची, कुंपणापलीकडच्या. बेतीबाई बॅप्टिस्ट. बाप्तिस्मा देताना आम्ही कपाळाला पाणी लावून भागवणारे, ती मंडळी अख्खा माणूस बुडवून काढणारी. तेवढा एक फरक सोडला तर आमचं अर्धं आयुष्य एकमेकांच्या बागेतल्या काकड्या खाण्यात गेलं. मी तडक गेलो.

"मिसेस प्रॉबर्ट, तुम्ही सुद्धा?"

"शेडला माझी ना नाही," त्या भांडी विसळत म्हणाल्या. "पण छप्पर चढलं की ते कायमचं इथेच राहणार. या खिडकीतून बघा. दिसतंय?"

दिसत होतं. पावसात भिजलेलं, काळंभोर, उंच.

"मी रविवारी कांदा चिरते तेव्हा ते माझ्याकडे बघतं. मी इथे उभी असते, आणि मला वाटतं मी चॅपेल चुकवलं. आणि ते माझं चॅपेलसुद्धा नाही, गेथिन प्रॉसर! आपलं सोडून दुसऱ्याच्या चॅपेलला दांडी मारल्याचं दुःख कुणी सोसावं?"

मी काकडी घेऊन परत आलो.

आता परिस्थिती अशी होती. आमच्या गावच्या कौन्सिलला मंजुरीचा अधिकार नाही, फक्त मत द्यायचा आहे. पण जिल्ह्याच्या पोराने सांगून ठेवलं होतं, गावाचं मत अनुकूल आलं की मी सही करतो. सप्टेंबरची बैठक शेवटची. ऑक्टोबरमध्ये मिस्टर रीस जगाच्या दुसऱ्या टोकाला असणार. तेव्हा सप्टेंबरात कौन्सिलने हो म्हणणं भाग होतं, आणि पत्रा दुसऱ्याच दिवशी चढवायचा.

सल्ला इडवालनेच दिला. "कागद कोण वाचतो? कौन्सिलरांना घरी बोलाव. डोळ्यांनी बघू दे. मेन्नाचा बारा ब्रिथ खाऊ घाल." बारा ब्रिथ म्हणजे चहात भिजवलेल्या बेदाण्यांचा पाव, तो लोण्यासकट खाल्ल्यावर आमच्याकडचा माणूस कुणाचाही शत्रू राहू शकत नाही.

कौन्सिलवर नऊ जण. मी आठांना बोलावलं. नववे मिस्टर हार्टनेल, बर्मिंगहॅमहून येऊन नदीकाठी कॅरॅव्हनचा तळ चालवतात. त्यांना आमची भाषा येत नाही; म्हटलं, उगाच अवघडतील. आठही आले. व्यासपीठाच्या पायऱ्यांवर बसून चहा प्याले, आणि आमच्याकडे चारपेक्षा जास्त माणसं जमली की जे होतं ते झालं. कुणीतरी सूर लावला, दुसऱ्याने खालचा धरला, आणि बटाट्याच्या वाफ्यात चार आवाजांत स्तोत्र उभं राहिलं. मिस्टर रीस खिडकीतून ऐकत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि नेमक्या त्या ओल्या डोळ्यांनी मी चूक केली.

चॅपेलमध्ये प्रत्येक घराण्याचं आपलं बाक असतं. पिढ्यानपिढ्या तेच. दुसऱ्याच्या बाकावर बसलेला माणूस आमच्याकडे लग्नाच्या गोष्टीतसुद्धा मागे पडतो. मी खडू घेतला आणि फरशीवर, जिथे शेड होणार होती तिथे, जागा आखल्या. "इडवाल, तुझे आजोबा दुसऱ्या रांगेत डावीकडे बसायचे. ही तुझी." इडवालने टोपी काढली. "भिंतीकडची मॉर्गनांची." सगळ्यांना आपापल्या जागा मिळाल्या. खिडकीपाशी कोण यावरून दोघांत थोडी तणातणी झाली, तीसुद्धा किती गोड, जुन्या चॅपेलमधलीच. जाताना प्रत्येकाने माझा हात दाबला. आठ मतं खिशात! मी मेन्नाला म्हणालो, "बघितलंस? प्रेमाने जग जिंकता येतं."

"खडू पुसून ठेव," ती म्हणाली. मी पुसला नाही.

बैठक गावच्या सभागृहात होती. गर्दी अशी की मागच्या बाजूला माणसं उभी. मिस्टर रीस माझ्या शेजारी, कोट घालून. समोर लांब टेबलामागे नऊ कौन्सिलर, आणि कोपऱ्यात कौन्सिलच्या चिटणीस मिस प्यू. सज्जन, बारीक, आणि नियमाच्या बाबतीत आमच्या डोंगरासारख्या: गोड दिसतात पण हलत नाहीत.

"बाब सहा," इडवाल म्हणाला. "गेथिन प्रॉसर यांची शेड."

"त्याआधी," मिस प्यू म्हणाल्या, "कुणाचा हितसंबंध असल्यास जाहीर करावा. मी अर्जदारांच्या परसामागच्या गल्लीतून जात होते. फरशीवर नावं आहेत."

आठही जणांनी माझ्याकडे पाहिलं.

"ज्या बांधकामात ज्याची जागा राखून ठेवलेली आहे, त्याचा त्यात हितसंबंध आहे. त्याने मत देऊ नये, खोलीत थांबू नये."

इडवाल तांबडा झाला. "मिस प्यू, माझे आजोबा—"

"आजोबांनी थांबायला हरकत नाही, मिस्टर इडवाल. तुम्ही बाहेर."

तो उठला. मॉर्गनबाई उठल्या. एकामागून एक आठही उठले आणि सभागृहाच्या चहाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मधे भिंतीला कप द्यायची खिडकी आहे, लाकडी पडद्याची. तीही खाली ओढली. टेबलामागे मिस्टर हार्टनेल तेवढे उरले, कानाला भाषांतराचं यंत्र लावून.

"मिस्टर हार्टनेल," मिस प्यूंनी विचारलं, "आपला काही हितसंबंध?"

"मला कुणी चहाला बोलावलंच नाही," ते म्हणाले. खूप साधेपणाने म्हणाले. मला जमिनीत जावंसं वाटलं. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मग मी एकटा ठरवू का?"

"नाही. निदान तीन हवेत. निर्णय होऊ शकत नाही. बाब पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात! मी ताडकन उभा राहिलो. म्हणजे माझ्याच खडूने मी त्यांचं प्रवचन पुसलं होतं. मिस्टर रीसनी माझ्या बाहीला धरून खाली बसवलं. "असू दे, गेथिन बाख," ते म्हणाले. "परस सुंदर होतं."

"निर्णय होत नसला," मिस्टर हार्टनेल मधेच म्हणाले, "तरी इतकी माणसं आली आहेत. ऐकून घ्यायला काही बंदी आहे का?"

मिस प्यूंनी पानं उलटली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर मला कुतूहल दिसलं. "नाही. बाजूने एक वक्ता, तीन मिनिटं. विरोधात एक वक्ता, तीन मिनिटं. नोंद होईल." त्यांनी पिशवीतून अंडी उकडायचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

बाजूने मी बोलणार होतो. उताराची रचना तयार होती. मी मिस्टर रीसकडे पाहिलं आणि म्हणालो, "अर्जदारातर्फे पाळक रीस बोलतील."

ते पुढे गेले. धरायला काही नव्हतं, म्हणून चहाच्या गाड्याचा दांडा धरला. आवाज आधी इतका बारीक की मागचे लोक पुढे सरकले. त्यांनी मेंढीची गोष्ट काढली. डोंगरावर अडकलेली, पोटात कोकरू, वारा सुटलेला. दगडाची एक पडकी भिंत आहे, तिच्या आडोशाला ती येऊन उभी राहते. आडोसा लागतो, ते म्हणाले. मेंढीला लागतो तसा माणसाला. आणि पहिला मुद्दा तिथे संपला. दुसऱ्या मुद्द्यात आवाज उतरला आणि मग चढायला लागला. ती भिंत कुणी बांधली? ज्याने बांधली त्याला ती मेंढी ठाऊक नव्हती. शंभर वर्षांपूर्वी कुणी थंड हातांनी दगडावर दगड ठेवला, पुढे येणाऱ्या मेंढीसाठी. दगडा-वर-दगड, दगडा-वर-दगड, वाक्याला चाल लागली, भिंतीचे दगड टाळासारखे वाजायला लागले—

चहाच्या खोलीतून "आमेन!" आलं.

मिस प्यूंनी वर पाहिलं. कप द्यायच्या खिडकीचा पडदा बोटभर वर झाला होता.

मिस्टर हार्टनेलच्या कानात भाषांतर करणारी मुलगी कोपऱ्यात हळू आवाजात सांगत होती. तिचंही कुजबुजणं चालीत जायला लागलं. मिस्टर हार्टनेलनी यंत्र कानातून काढून टेबलावर ठेवलं.

आणि घड्याळ वाजलं. टर्रर्र.

मिस्टर रीस तिथेच थांबले. कायद्याला मानणारा माणूस. हात अर्धा वर गेलेला, तसाच खाली आणला आणि खुर्चीकडे निघाले. सभागृहात असं वाटलं की कुणीतरी जेवणाचं ताट अर्ध्यावर उचलून नेलं.

"हे काय?" मागून खणखणीत आवाज आला. बेतीबाई प्रॉबर्ट उभ्या होत्या. "दोनच मुद्दे झाले! प्रवचनाला तीन असतात. तिसऱ्यातच तर ते गातात. मेथडिस्ट असले म्हणून काय झालं, दोन पायांवर तिपाई उभी राहते का?"

"वेळ संपली, मिसेस प्रॉबर्ट," मिस प्यू म्हणाल्या.

"विरोधाचा वक्ता कोण?"

"तुम्ही."

"मग माझी तीन मिनिटं मी मिस्टर रीसना देते."

मिस प्यूंनी पुन्हा पानं उलटली. सगळं सभागृह त्यांच्या बोटाकडे बघत होतं. "देता येतात," त्या सावकाश म्हणाल्या. "पण ती विरोधाची वेळ आहे. तिच्यात विरोधच करावा लागेल. शेडला."

मिस्टर रीस गाड्यापाशी परत आले. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत माफी होती की खोडी होती, मला अजून कळलेलं नाही.

"तिसरा मुद्दा," ते म्हणाले.

मेंढी आडोशाला आहे. पण आता रात्र पडणार आणि मेंढपाळ दरीतून हाक मारतोय. भिंत वारा अडवते आणि हाकही अडवते. माणसांनो, मेंढीला आडोसा द्या, पण हाकेला छप्पर घालू नका! हाकेला भिंत नको, पत्रा नको, कुणाच्या नावाची जागा नको. हाक उघड्यावर, वाऱ्यावर, पावसात. आणि मग शीड भरलं. शब्द गेले, लांब ताणलेले स्वर राहिले, वर, आणखी वर, आणि हात वर गेला, पूर्ण, टेपने कधीच मोजला नव्हता इतका. त्या सगळ्यात ते पुन्हा पुन्हा सांगत होते की गेथिन प्रॉसरची शेड होऊ नये. माझ्या शेडविरुद्ध इतकं सुंदर कुणीही कधी बोललं नसेल. मी रडत होतो. मनोरंजनाने की उपासनेने, त्या फोनवरच्या बाईंनीच येऊन ठरवावं. कप द्यायची खिडकी आता पुरती उघडी होती आणि तिच्यात आठ डोकी, सगळी खोलीच्या बाहेर, नियमाप्रमाणे. शेवटच्या ओळीला त्यांनी चार आवाजांत साथ धरली.

घड्याळ दुसऱ्यांदा वाजलं का? आयुष्यभर सगळं विचारत आलो, पण हे मी मिस प्यूंना विचारलं नाही. त्यांचा तळहात त्याच्यावर होता एवढं खरं.

मग मिस प्यूंनी नाक पुसलं आणि नोंद मोठ्याने वाचली: "बाजूने वक्ते, पाळक तेगविन रीस. विरोधात वक्ते, पाळक तेगविन रीस. निर्णय तहकूब."

"तहकूब नको," मी उठून म्हणालो. "अर्जदार अर्ज मागे घेतो." मग मिस्टर हार्टनेलकडे वळलो. "आणि मिस्टर हार्टनेल, रविवारी चहाला या. याच रविवारी."

"म्हणजे छप्पर नाही?" बेतीबाई मागून ओरडल्या. "आता ते लाकूड उघडंच माझ्याकडे बघणार?"

"बाब सात," मिस प्यू म्हणाल्या. "कुत्र्यांच्या विष्ठेची पेटी." आठही कौन्सिलर डोळे पुसत रांगेने आत आले.

मी मिस्टर रीसना गाडीत घातलं, गुडघ्यांवर पांघरूण दिलं. ते थकले होते, पण चेहरा असा की लहान मूल नुकतंच झोक्यावरून उतरलंय. नदीचा पूल ओलांडला. मग त्यांनी विचारलं, "गेथिन बाख, खरं सांग. कुठलं चांगलं झालं? बाजूचं की विरोधातलं?"

माणूस पाळकाशी खोटं बोलत नाही.

"विरोधातलं, मिस्टर रीस."

"हो ना?" ते म्हणाले, आणि खिशातून एक मनुका काढून तोंडात टाकली. "मलाही तसंच वाटलं."